घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या पोरांसाठी रविवारचा कट्टा सुरू केला, पोरंच येईनात. काय चुकतंय?

दुधगंगाकाठची | सोमवार, रात्री ९:४०

राधानगरी तालुक्यातल्या गावातून बी.कॉम.ला कोल्हापुरात आले, त्याला आता बारा वर्षं झाली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पहिल्याच आठवड्यात स्टँडवर एसटीच्या पासच्या खिडकीत सांगितलं, "बोनाफाईड घेऊन ये." बोनाफाईड म्हणजे काय, हे तिथंच विचारायचं तर मागं वीस जणांची रांग. बाहेर आले आणि एका काकांना विचारलं, "ते बोन... बॉन... काय असतंय ते कुठं मिळतं?" त्यांना वाटलं बाँड. त्यांनी कोर्टाकडचा रस्ता दाखवला. स्टॅम्पवाल्यानं विचारलं, "कितीचा? कशासाठी?" मी म्हटलं, "कॉलेजला लागतोय." त्यानं वहीत माझं नाव लिहिलं, पुढं "कॉलेज कामी" असं लिहिलं आणि शंभराचा स्टॅम्प पेपर हातात ठेवला. आईनं आठवड्याला दीडशे दिले होते.

तो कागद घेऊन मी परत खिडकीत गेले. आतला माणूस हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "बाळ, हे न्हवं. तुझ्या कॉलेजच्या ऑफिसातच मिळतंय, तू तिथं शिकतीस म्हणून लिहून देत्यात." तो कोरा स्टॅम्प अजून माझ्या ट्रंकेत आहे.

हे सांगायचं कारण, आम्ही पाच जणांनी (सगळे असेच, घरातले पहिले) जुलैपासून दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगच्या व्हरांड्यात रविवारी दहा ते बारा बसायला सुरुवात केली. बाहेर फ्लेक्स लावला: "प्रथम वर्ष विद्यार्थ्यांसाठी मोफत मार्गदर्शन व समुपदेशन." पहिल्या रविवारी ३१ पोरं आली. आमच्यातल्या एकानं ध्येय, चिकाटी यावर चाळीस मिनिटं भाषण दिलं. दुसऱ्या रविवारी १२. काल चार आली, त्यातल्या दोघांना जवळ झेरॉक्स कुठं आहे एवढंच विचारायचं होतं.

गरज नाही असं म्हणावं तर तसंही नाही. माझ्याच मावसबहिणीची मुलगी गेल्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिली, कारण फी भरली म्हणजे परीक्षेचं आपोआप होतं असं तिला वाटत होतं. मग पोरं येत का नाहीत?

पन्हाळ्याचं_धुकं | सोमवार, रात्री १०:०५

आधी तो फ्लेक्स काढा. "समुपदेशन" वाचून आमच्या गावाकडचं पोरगं आत यायचं नाही. डोक्याचं काहीतरी असलं की करतात ते, असाच समज आहे. आणि चाळीस मिनिटं भाषण? शाळेत पंधरा ऑगस्टला ऐकलंय की त्यांनी.

स्पष्टवक्ता_६१ | सोमवार, रात्री १०:३२

कटू वाटेल, पण बोलतो. १९७९ साली भुदरगडातून आलो. पायात चप्पल नव्हती. आमचा हात कुणी धरला नाही, आमचं आम्हीच शिकलो. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे, त्यावर सगळी माहिती आहे. ज्याला गरज आहे तो शोधेल. अशी लाडावलेली पिढी तयार करून काय साधणार?

निवृत्त_हेडक्लार्क | मंगळवार, सकाळी ७:१५

स्पष्टवक्तेसाहेब, मी शिष्यवृत्तीच्या खिडकीमागं बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

फोनवर सगळं आहे, कबूल. महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्म कसा भरायचा याचे व्हिडिओ पायलीला पन्नास. पण मुलगा अडकतो ते व्हिडिओत नसतं. एक उदाहरण देतो. फॉर्म मंजूर झाला, स्टेटसला पैसे जमा दिसतात, आणि पासबुकात रुपया नाही. मुलाला वाटतं कॉलेजनं खाल्ले. प्रत्यक्षात पैसे जातात ते आधारला जे खातं शेवटचं जोडलं असेल त्यावर. आणि ते खातं कुठलं? बाजारात छत्रीखाली बसलेल्या पोराकडून सिम घेताना अंगठा दिला, तेव्हा नकळत उघडलेलं. पैसे तिथं पडून. माझ्या खिडकीत दरवर्षी अशी दहा-पंधरा प्रकरणं यायची. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय, ते बघितलं की दोन मिनिटांत कळतं. पण ते बघायचं असतं, हे माहीत पाहिजे ना? जे माहीतच नाही ते शोधणार कसं?

दुसरं, नूतनीकरण. पहिल्या वर्षी फॉर्म भरला, म्हणजे तिन्ही वर्षांचं झालं असं समजणारी मुलं मी मोजायची सोडून दिली.

तिसरं, घरची समजूत. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला, टीव्हीवर "मुलींना शिक्षण मोफत" अशी पट्टी फिरली. तो निर्णय आहे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, केंद्रीभूत प्रवेशातून आलेल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी. त्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. खोलीभाडं आणि मेस त्यात नाही. गावात मात्र बापानं ऐकलं, सगळंच मोफत. मग बी.ए.ला आलेली मुलगी घरी फी मागते तेव्हा बाप विचारतो, "सरकार देतंय की, तू पैसे कशाला मागतीस?" त्या मुलीनं काय शोधायचं फोनवर?

आता आमचीही चूक सांगतो. खिडकीतून मी विचारायचो, "कळलं का?" मुलगा म्हणायचा, "हो सर." पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की ज्याला कळतं तो एखादा उलट प्रश्न विचारतो. नुसतं "हो सर" म्हणजे काही कळलेलं नाही आणि आता मला जाऊ द्या. दोघं-तिघं मिळून आले, की मात्र एक जण धीर करून विचारायचा आणि बाकीचे कान देऊन ऐकायचे.

हुपरीची_चांदी | मंगळवार, सकाळी ८:५०

"हो सर" वाचून पोटात कालवलं. मी अजूनही ऑफिसात हेच करते. वय चौतीस.

करवीर_वाचक | मंगळवार, दुपारी १:२०

@स्पष्टवक्ता_६१, एक साधा प्रश्न. १९७९ ला कोल्हापुरात राहायला कुठं होता?

स्पष्टवक्ता_६१ | मंगळवार, दुपारी २:०२

बोर्डिंगला. त्याचा इथं काय संबंध?

करवीर_वाचक | मंगळवार, दुपारी २:१०

खोलीत किती जण? आणि पहिला फॉर्म कुणी भरला?

स्पष्टवक्ता_६१ | मंगळवार, दुपारी ३:४५

सहा जण. फॉर्म आप्पानं भरला. आमच्या शेजारच्या गावचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. तो कुणाचेही भरायचा.

करवीर_वाचक | मंगळवार, दुपारी ४:००

झालं तर मग. तुमचा हात आप्पानं धरला होता, त्याला कुणी मार्गदर्शन म्हणत नव्हतं इतकंच.

आपल्या कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, ते उगाच नाही. १९०१ साली मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग. शाहू महाराजांनी एकेका समाजाला पुढं करून, जागा आणि मदत देऊन ही उभी केली. खेड्यातल्या मुलाला गावात राहायला छप्परच नव्हतं, तिथून सुरुवात होती. कर्मवीर भाऊराव पाटील शिकायला इथंच जैन बोर्डिंगात होते. पुढं त्यांनी साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग काढलं आणि कमवा आणि शिका रुजवलं. आपल्या शिवाजी विद्यापीठातही (स्थापना १९६२) कमवा आणि शिका योजना चालत आली आहे.

या सगळ्यात लिहिलं न गेलेली एक गोष्ट होती: एका खोलीत वेगवेगळ्या वर्षांची पोरं. धाकट्यानं थोरल्याचं बघून शिकायचं. जुनी पुस्तकं खोलीतच राहायची, पोरं बदलायची. आता रॅगिंगच्या भीतीनं पहिल्या वर्षाला शक्यतो वेगळं ठेवतात. यूजीसीच्या २००९ च्या नियमांतच तसं आहे, आणि त्याला कारणही तसंच होतं, त्यावर माझं दुमत नाही. पण त्रास देणारा थोरला बाहेर काढताना आप्पाही बाहेर गेला. खोलीभाड्यानं राहणाऱ्यांना तर तो कधी भेटतच नाही.

स्पष्टवक्ता_६१ | मंगळवार, सायंकाळी ६:३०

आप्पा गेला चार वर्षांपूर्वी. चप्पलसुद्धा त्यानंच घेऊन दिली होती, शिवाजी चौकातून. "लाडावलेली" हा शब्द मागं घेतो. बाकी मत कायम.

जय_तालीम_मंडळ | मंगळवार, सायंकाळी ७:१५

आमच्या मंडळातर्फे शंभर वह्या आणि पेन वाटप करू का? फोटोग्राफर आपलाच आहे. नगरसेवकांनापण बोलवतो.

दुधगंगाकाठची | मंगळवार, सायंकाळी ७:२२

भावना पोचली दादा. पण फोटोत हात पसरलेला दिसला की ते पोरगं पुन्हा त्या रस्त्यानं जात नाही. द्यायचंच असेल तर तालमीच्या वरच्या मजल्यावरची खोली आठवड्यातून दोन तास द्या. आणि एक प्रिंटर.

जय_तालीम_मंडळ | मंगळवार, सायंकाळी ७:४०

खोलीचं बघतो. प्रिंटर गणपतीनंतर.

नाद_खुळा_०९ | मंगळवार, रात्री ११:५०

ताई, आमच्या कॉलेजात झाल्यालं सांगतो. आमच्या बॅचला गगनबावड्याकडचं एक पोरगं हुतं. शांत. कुणाशी बोलायचं न्हाई, डबा पण झाडाखाली एकटंच खायाचं. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय गेलं. निकाल लागला त्या दिवसापासनं गायब. आमाला वाटलं आजारी पडलं आसंल. दोन म्हैन्यांनी मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत मामाचा डबा द्यायला गेलतो, तर ह्यो गेटवर हेल्परच्या कपड्यात. म्हटलं काय रं? तर म्हणतोय, "नापास झालो न्हवं. आता कसलं कॉलेज?"

एटीकेटी म्हंजे काय त्येला ठाऊकच न्हवतं! दोन विषय राहिलं तरी फुडं बसता येतंय, ते विषय नंतर सोडवायचं आस्त्यात, हे त्येला एका माणसानं सांगितलं न्हाई. शाळेत नापास म्हंजे त्याच वर्गात, येवढंच म्हाईत. घरी बाला सांगितलं तर बा म्हणाला, जाऊ दे, लाग कामाला. बाचं तरी काय चुकलं, त्येनं कॉलेज कवा बघितलंय?

मी त्येला तितंच म्हटलं, भावा, माजं तीन गेल्यात, मी रोज कॅन्टीनला हाय. लई वेळ गप बसला. मग म्हणाला, "तीन? आन् तरी येऊ देत्यात?"

त्या सेमिस्टरचा फॉर्म त्येचा हुकलाच. फुडच्या जूनला आला परत. आता आमी सात जण हाय, काय भाषणबिशण करत न्हाई. निकालाच्या दिवशी बोर्डाजवळ हुबं राह्याचं, जे पोरगं बघून गपकन मागं वळतंय त्येला च्या पाजायचा. आमचं विषय गेल्यालं हैत हे आधी सांगायचं, मग त्येचं विचारायचं. उलटं केलं तर कोण बोलत न्हाई.

पन्हाळ्याचं_धुकं | बुधवार, सकाळी ७:३०

शेवटची दोन वाक्यं फ्लेक्सवर घाला. थट्टा करतोय, पण पूर्ण नाही.

चंदगडची | बुधवार, दुपारी १२:१०

मी सध्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून आतली बाजू सांगते. ताई, राग मानू नका.

एक तर रविवार चुकला. जवळच्या मुली शनिवारीच गावाला जातात. ज्या राहतात त्यांचं आठवड्याचं धुणं रविवारी, आणि रात्री मेसला सुट्टी असते, म्हणजे संध्याकाळी काय खायचं हा प्रश्न वेगळाच. सुगी असली की मुलगेही गावाकडं. बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी साडेपाच-सहाला ठेवा, शेवटच्या एसटीवाल्यांना अर्धा तास तरी मिळेल.

दुसरं, तुम्ही स्वतःला आमच्यातल्या समजता, पण आमच्यासाठी तुम्ही मॅडमच. नोकरी आहे, गाडीवरून येता, टेबलामागं बसता. तुमच्यासमोर "मला प्रयोगांचं जर्नल कसं लिहायचं कळत नाही" म्हणायला आम्हाला तेवढीच लाज वाटते जेवढी सरांसमोर. सेकंड इयरच्या मुलीला मात्र आम्ही काहीही विचारतो. तिचं स्वतःचं जर्नल अजून अर्धवट असतं.

मी फर्स्ट इयरला असताना प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "पिपेट घे." बारावीपर्यंत आमच्याकडे प्रयोग फळ्यावर व्हायचे. मी ट्रेमधली सगळ्यात मोठी नळी उचलली, ती ब्युरेट होती. सगळे हसले. नंतर शेजारच्या टेबलावरची मुलगी काही न बोलता माझ्या वहीत दोन्हीची चित्रं काढून नावं लिहून गेली. मराठीत. ती चित्रं माझ्याकडे आहेत. आता मी पहिल्या वर्षाच्या मुलींना ती पहिल्याच प्रॅक्टिकलच्या आधी देते.

तिसरं, पैशाचं. आमच्या घरी फी दोनच गोष्टींवर ठरते: उसाचं बिल आणि दुधाचं दहा दिवसांचं बिल. कॉलेजची तारीख त्या दोन्हीच्या मध्येच कुठंतरी पडते. हप्ते पाडून मिळतात का, हे विचारता येतं, हेच मला दुसऱ्या वर्षी कळलं. अर्ज करायचा आणि प्राचार्यांना भेटायचं. माझ्यासोबत माझी सीनियर आली होती, ती नुसती दाराबाहेर उभी राहिली. तेवढं पुरलं.

आणि मुलींचं एक वेगळंच असतं. दिवाळीला घरी गेलं की कुणीतरी स्थळ घेऊन आलेलं असतं. त्याला उपाय मला माहीत नाही. माझ्या वेळी माझी रूममेट घरी येऊन माझ्या आजीशी दोन दिवस गप्पा मारून गेली, आजीला ती आवडली, आणि विषय वर्षभर लांबला.

निवृत्त_हेडक्लार्क | बुधवार, दुपारी २:३०

चंदगडच्या ताईंना शंभर गुण. पासवरून आठवलं, विद्यार्थ्यांना एसटीचा मासिक पास साधारण एक तृतीयांश पैशात मिळतो. तरी मुली महिलांच्या अर्ध्या तिकिटावर रोज सुट्टं तिकीट काढून येतात, कारण बोनाफाईडसाठी खिडकीत यायला नको वाटतं. म्हणजे बारा वर्षांनीही तोच बाँड चाललाय.

शिरोळची_माती | बुधवार, दुपारी ४:१५

२०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं लोखंडी पेटीत होती, पेटीसकट भिजली. आईनं ती उन्हात दगड ठेवून वाळवली, शाई पसरली होती. कोल्हापूर विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते हे मला वर्गातल्या मुलानं सांगितलं, त्याचं घर २००५ ला बुडालं होतं. तुमच्या कट्ट्यावर स्कॅनिंगची सोय ठेवाच. आमच्या भागातल्या पोरांसाठी पावसाळ्याच्या आधी.

सिस्टर_सीपीआर_रोड | बुधवार, रात्री ९:००

एक काळजीचा मुद्दा. अशा गप्पांत कधीतरी एखादं पोरगं जगण्याला कंटाळल्याचं बोलून जाईल. "कुणाला सांगू नका" असंही म्हणेल. त्याचं हे वचन देऊ नका. एकोणीस-वीस वर्षांच्या सीनियरनं ते ओझं एकट्यानं घ्यायचं नसतं. त्याला एकटं सोडू नका, घरच्या किंवा कॉलेजच्या मोठ्या माणसाला लगेच सामील करून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. कट्ट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो आधीच सेव्ह असू दे.

दुधगंगाकाठची | बुधवार, रात्री १०:२०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. राग कसला, चंदगडची, तू म्हणालीस ते खरं आहे. टेबल काढतो. गाडी पण लांब लावेन.

आज आम्ही पाच जण भेटलो. ठरलं ते असं. फ्लेक्स उतरवला. त्याजागी पुठ्ठ्यावर खडूनं लिहिणार: "फॉर्म, पास, शिष्यवृत्ती, जर्नल. कागद घेऊन या." वार गुरुवार, संध्याकाळी साडेपाच. सतरंजीवर सेकंड आणि थर्ड इयरची पोरं बसतील, आम्ही मागं स्कॅनिंग आणि चहा बघू. नाद_खुळा आणि चंदगडची, येणार का? आणि निवृत्त हेडक्लार्क काका, महिन्यातून एकदा तरी या.

भाषण करणारा आमचा मित्र थोडा हिरमुसलाय. त्याला प्रिंटरचं काम दिलंय.

नाद_खुळा_०९ | बुधवार, रात्री १०:२५

येतोय की. च्या आमचा.

निवृत्त_हेडक्लार्क | बुधवार, रात्री १०:४०

महिन्यातून एकदा कशाला, दर गुरुवारी रिकामाच असतो. फक्त खिडकीत बसवू नका.

नवीन_सदस्य_४४१७ | गुरुवार, पहाटे ५:५०

नमस्कार. मी वाचत होते फक्त, अकाउंट आज काढलं. मूर्ख प्रश्न असला तर सॉरी. उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा काढायचा का तीन वर्षांचा? सेतूत विचारलं तर ते म्हणाले, "तुला कशाला पाहिजे ते सांग," मला सांगता आलं नाही, मी परत आले.

चंदगडची | गुरुवार, सकाळी ६:३५

शिष्यवृत्तीसाठी असेल तर चालू वर्षाचा, एक वर्षाचा. नॉन क्रिमिलेयर (आरक्षणासाठी लागणारं प्रमाणपत्र) काढायचं असेल तर तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. मीपण पहिल्यांदा चुकीचाच काढला होता. सेतूत जाऊन एवढंच म्हण, "शिष्यवृत्तीला पाहिजे." कुठल्या कॉलेजला आहेस?

नवीन_सदस्य_४४१७ | गुरुवार, सकाळी ६:४१

ते इथं नको लिहायला. आज साडेपाचला येते. माझ्यासोबत एक मैत्रीण आहे, ती काही बोलणार नाही, नुसती बसली तर चालेल का?

चंदगडची | गुरुवार, सकाळी ६:४२

चालेल. दोघींची पासबुकं आणि आधार आणा.